पहिला बॉल आत, दुसरा बाहेर

प्रश्न : आमच्या टीमने रोबोट स्पर्धेसाठी बॉल फेकायचं मेकॅनिझम बनवलंय. १० सेंटिमीटर व्यासाचं एकच चाक, त्यावर वाकवलेला हूड (बॉलला चाकाशी दाबून धरणारं स्थिर कव्हर), चाक ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतं. चाक आणि स्पंजचा बॉल, दोन्ही साधारण २०० ग्रॅमचे. पहिला बॉल मस्त बास्केटमध्ये जातो पण मागोमाग सोडलेले दुसरा-तिसरा कमी पडतात. पीआयडीचे (चाकाचा स्पीड टार्गेटवर धरून ठेवणाऱ्या कोडचे) आकडे बदलून बदलून तीन आठवडे गेले. अर्धी टीम म्हणते मोठी मोटर लावू, अर्धी म्हणते कोडच गंडलाय. आणि सिनियर म्हणतात कोन ४५ अंशच ठेवा. काय करावं?
– दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : दोन्ही पार्ट्यांना नाराज करतो. आधी मोटर नाही आणि कोडही नाही, तुमचं चाक हलकं आहे.

गणित बघ. तुमच्या चाकाच्या कडेचा वेग होतो सेकंदाला १५.७ मीटर. एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला स्थिर हूड असला की बॉल हूडवरून गडगडत जातो, त्यामुळे त्याला कडेच्या वेगाच्या निम्माच वेग मिळतो, म्हणजे ७.८, आणि त्यात बॉल आत शिरला की चाक मंदावतं, तर सहा धर. बॉलला सहाच्या वेगाने पळायला लागते ३.६ ज्यूल ऊर्जा, आणि स्वतःभोवती फिरायला अजून दीडेक ज्यूल, झाले पाच. आता चाकात शिल्लक किती? २०० ग्रॅमची भरीव चकती धरली तर फक्त १२ ज्यूल! म्हणजे एकच बॉल जवळजवळ चाळीस टक्के गल्ला घेऊन जातो आणि स्पीड ३००० वरून २३०० च्या आसपास येतो. दुसरा बॉल तेव्हाच आत आला की वेग पाव कमी आणि अंतर जवळपास निम्मं, कारण अंतर वेगाच्या वर्गावर जातं. पहिलाही खरं तर पडत्या स्पीडवरच सुटतो, पण तो दरवेळी तेवढाच पडतो आणि तुम्ही सगळं सेटिंग त्याच्यावर केलंय.

मोठी मोटर इथे फार कामाची नाही, कारण बॉल चाकाला लागून निघून जातो ते पापणी लवायच्या आत, तेवढ्यात मोटर काय भर घालणार, जे द्यायचं ते चाकात आधीच साठवलेलं पाहिजे. त्याच शाफ्टवर, बॉलला लागणार नाही असं बाजूला, साधारण ५ सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धा किलोचं स्टीलचं कडं बसवा. वजन कडेला हवं, मधे ठेवलं तर ओझं वाढतं आणि फायदा थोडाच. मग साठा जातो ७४ ज्यूलवर आणि तेच पाच ज्यूल गेले तरी स्पीड पडतो तीन-चार टक्के. हां, त्याच मोटरने स्पीड गाठायला सहापट वेळ लागणार, पण चाक मॅचभर फिरतंच ठेवता येतं. आणि आता पहिला बॉलसुद्धा लांब जाईल, घाबरू नका, आरपीएम खाली आणा. कडं नीट मध्यावर आहे ना ते मात्र बघा, नाहीतर अख्खा रोबोट थरथरतो.

मग कोड. फीडरला, म्हणजे बॉल चाकाकडे ढकलणाऱ्या भागाला, सरळ अट घाला, एन्कोडरचा (चाकाचा स्पीड मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा टार्गेटच्या ५० आरपीएमच्या आत सलग काही रीडिंग टिकला तरच पुढचा बॉल सोडायचा. टार्गेटला जेवढा व्होल्टेज लागतो तेवढा आधीच देऊन ठेवा, पीआयडीकडे फक्त किरकोळ चूक राहू दे. मोटरला नुसती "८० टक्के पॉवर" देत असाल तर ते बंद करा, बॅटरी उतरली की तेच ८० टक्के कमी पडतात.

एक माझा स्वतःचा पोपट झालेला सांगतो. आमचाही दुसरा बॉल असाच कमी पडायचा, आम्ही पण रात्र-रात्र कोड उकरत बसलेलो, शेवटी एकाने हूडच्या तोंडाशी बोट फिरवलं तर स्पंजचा बारीक भुसा! रांगेतला पुढचा बॉल चाकाला हलकासा टेकूनच उभा होता आणि सारखा ब्रेक लावत होता. फीडर दीड सेंटिमीटर मागे सरकवला, संपलं. तर तुम्ही पण भुसा बघा, आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ बाजूने घ्या, बरंच काही दिसतं.

सिनियरांचे ४५ अंश बरोबर आहेत, पण बॉल सुटतो त्याच उंचीवर पडणार असेल तर. बास्केट वर असली की बास्केटकडे बघायला मान जेवढी वर करावी लागते त्या कोनाचा निम्मा ४५ मध्ये मिळवायचा. म्हणजे बास्केट २० अंश वर दिसत असेल तर ५५. हा सगळ्यात कमी वेगात पोचायचा कोन झाला, मी तर अजून थोडा वरच ठेवीन, बॉल वरून उतरला की बास्केटचं तोंड त्याला मोठं मिळतं.

टेस्टिंगला नुसते कोरे बॉल घेऊ नका, झिजलेला बॉल चाक आणि हूडमध्ये कमी दाबला जातो आणि घसरतो, दोन्ही मिसळून घ्या. आणि कडं बसवल्यावर स्विच बंद केला तरी चाक बराच वेळ फिरत राहणार आहे, तेव्हा वर जाळी बसवल्याशिवाय अडकलेला बॉल काढायला कुणीही हात घालायचा नाही.