उरेब कापाचे प्रश्न: कापड ताणतंय, मग ड्राफ्ट कसा काढायचा?

प्रश्न: ताई नमस्कार. मी घरीच शिवणकाम करते. एका गिऱ्हाईकाला सॅटिनचा लांब स्कर्ट उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना ४५ अंशात तिरका, कापून शिवून दिला, देताना एकदम बरोबर होता. पण थोड्या दिवसांनी ती परत घेऊन आली, एका बाजूचा घेर खाली उतरलाय आणि बाजूची शिलाई फिरून पुढं नडगीवर आलीय. ४५ अंश तर मी नीट धरले होते. काय झालं असेल?
एक वाचक, निपाणी

उत्तर: अक्का, दोन गोष्टी झाल्यात बघा. पहिली, पुढचा भाग तुम्ही बहुतेक अखंड कापला असणार. मागावर उभा धागा ताणून बसवलेला असतो आणि आडवा त्याच्यातनं ये-जा करतो, त्यामुळं दोघांचा ताण सारखा नसतो, हे बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागांवर ज्यांनी काम बघितलंय त्यांना सांगायलाच नको. अखंड उरेब तुकड्यात एका कमरेकडनं उभा धागा तिरका उतरतो नि दुसऱ्या कमरेकडनं आडवा, मग दोन बाजू वेगवेगळ्या उतरतात आणि आख्खा स्कर्ट अंगाभोवती फिरतो. म्हणून पुढं मध्यावर एक जोड, मागं एक जोड, अशा चार कळ्या (उभे तुकडे) करा आणि डावी-उजवी कळी उलटसुलट, म्हणजे एकमेकींच्या आरशातल्यासारख्या, कापा, म्हणजे दोन्हीकडं उभा धागा मध्याकडनं बाजूकडं सारखाच उतरेल. रेघांचं कापड असेल तर मध्यावर छान व्ही दिसतो, तोच तुमचा पुरावा.

दुसरी गोष्ट लटकवण्याची, आणि इथं मी जरा कडक बोलते कारण घाईत सगळ्या हीच पायरी सोडतात. सरळ कापात कपड्याचं वजन धाग्यावर येतं. उरेबात दोन्ही धागे तिरके असतात, मग वजनानं त्यांच्यातला चौकोन चेपून पतंगासारखा उभा होतो, लांबी वाढते आणि त्या प्रमाणात रुंदी घटते. हे होणारच, कापड कितीही भारी घ्या. तर कळ्या कापल्या की कमरेच्या बाजूनं क्लिपा लावून निदान एक दिवस-रात्र टांगून ठेवा, जॉर्जेट किंवा रेयॉन असेल तर दोन दिवस, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात रेयॉन ओलसर हवेनं अजूनच लोंबतं. मग कळ्या परत कागदावर ठेवून वाढलेलं कापा, कच्चा टाका घाला, अंगावर बघा, मग पक्की टीप. खालची दुमड सगळ्यात शेवटी, बाई उभी असताना जमिनीपासून पट्टीनं मोजून. टीप मारताना कापड हलकंसं ताणून धरा किंवा बारीक झिगझॅग मारा, नाहीतर कापड ताणलं की दोरा तटकन तुटतो.

प्रश्न: ताई, मी फॅशन डिझायनिंगचा कोर्स करतेय. माझा नेहमीचा स्कर्टचा ब्लॉक (मापाचा मूळ कागदी नमुना) आहे, त्यावरून उरेबचा ड्राफ्ट, म्हणजे कागदावरचा आराखडा, काढायचा तर नेमकं काय बदलायचं? आणि ४४ इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) बसेल का?
एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर: अगं, आधी त्याच कापडाची परीक्षा घे. उरेबात एक पट्टी काप, त्यावर १० इंचाच्या खुणा कर, खाली दोन-चार कपड्याचे चिमटे लावून रात्रभर टांग. सकाळी साडेदहा भरली तर ४० इंचाच्या स्कर्टला दोन इंच वाढ धरायची. दुसऱ्या कापडाचा आकडा इथं चालत नाही.

मग ब्लॉकमधली सैलाई (अंगमापापेक्षा धरलेली जास्तीची ढिलाई) काढ, कापड स्वतः सैलाई देतं. पण सीटच्या अंगमापाखाली जाऊ नकोस, कारण लटकल्यावर रुंदी घटते म्हणून सांगितलं ना वर, तिथंच पोरी फसतात. बाजूला दीड इंच मार्जिन ठेव. कमरेचे छोटे टक्स (शिवलेल्या चिमट्या) काढून ते बाजूच्या गोलाईत घाल. वर उरेब ब्लाउज करणार असशील तर त्याचा छातीचा टक्स मात्र पूर्ण गायब करू नकोस, जोडात वळव. कागद अर्धा घडीवरचा नको, प्रत्येक कळीचा पूर्ण काढ नि कापड एकेरी पसरून काप. ४५ ची रेघ काढायला कागदावर चौकोन काढून कर्ण जोड, झालं.

पन्ह्याचा हिशेब सोपा आहे: कळीची लांबी नि सगळ्यात रुंद भाग मिळव आणि १.४१ नं भाग. लांबी ४०, खाली रुंदी १६, बेरीज ५६, म्हणजे जवळजवळ ४० इंच लागतात, ४४ मध्ये आरामात बसतं. उलटसुलट चार कळ्यांना सव्वातीन मीटर धर. क्रेपसारखं दोन्ही बाजूंनी सारखं कापड असेल तर चारही एकाच दिशेनं काप आणि दोन पालथ्या घाल, बरंच कापड वाचतं. सॅटिनला हे जमत नाही, चमक एकाच बाजूला.

आणि खरं कापड कापायच्या आधी जुन्या मलमलीवर अर्ध्या मापात करून बघच. पॅरिसची मादलेन व्हियोने, जिनं १९२० च्या दशकात उरेब कापाचे आख्खे गाऊन लोकप्रिय केले, ती लहान लाकडी बाहुलीवरच आधी कापड लावून बघायची. आपल्याकडं तर चुडीदार पिढ्यान्‌पिढ्या उरेबातच कापतात, थैली शिवून, म्हणजे कापड आधी तिरकं जोडून पिशवीसारखं करून, म्हणून तर तो पोटरीला घट्ट बसूनही गुडघा वाकतो. एकदा थैलीचा चुडीदार कापून बघ, पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न: खणाचा उरेब ड्रेस होईल का ओ?
एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: आख्खा ड्रेस नको. गुळेदगुड्डचा खण पन्ह्याला लहान, लांब कळी बसत नाही, आणि विणलेली बुट्टी तिरकी झाली की खणाची शोभाच जाते. पण कटोरी (ब्लाउजचा छातीचा तुकडा), योक (खांद्याकडचा वरचा तुकडा) किंवा गळ्याची पायपिंग उरेबात जरूर कापा, उरेब कडेचे दोरे कमी सुटतात. पायपिंगची पट्टी सव्वा इंचाची घ्या, गळ्याला आधी एक साधी टीप मारून घ्या म्हणजे तो पसरणार नाही, मग पट्टी किंचित ताणून लावा.