सुगम्यता मोजताना सरासरी का काढू नये

प्रभागातील दवाखाना, टपाल कार्यालय, बँका आणि उद्यान यांना दहापैकी गुण द्यावेत व त्यांची सरासरी हा प्रभागाच्या सुगम्यतेचा निर्देशांक मानावा, अशी योजना मांडून आपण मत विचारले आहे. पाहणी अवश्य करावी. सरासरी मात्र काढू नये. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीच्या दृष्टीने घरापासून केसपेपरच्या खिडकीपर्यंतचा रस्ता एकच असतो, आणि त्यात एका ठिकाणी जरी वीस सेंटीमीटरची पायरी आली, तरी पुढचा रॅम्प कितीही चांगला असला तरी तिच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून मोजणीचे एकक इमारत न धरता घरापासूनची फेरी धरावी आणि तिला त्यातील सर्वांत वाईट टप्प्याचेच गुण द्यावेत.

बर्लिनहून 2010 मध्ये सुरू झालेला ‘व्हीलमॅप’ हा नकाशा ठिकाणांना हिरवा, नारिंगी आणि लाल असे रंग देतो. तीन रंगांची ही सोय घेण्यासारखी आहे. पण आपल्याकडे अडचण ठिकाणाइतकीच वाटेत असते, त्यामुळे रंग फेरीला द्यावेत: एकट्याने होणारी, कुणाच्या आधाराने होणारी आणि न होणारी. चौघांनी खुर्ची उचलून वर नेली, तर ती फेरी तिसऱ्याच रंगाची समजावी. कर्मचारी हमखास सांगतात, ‘आम्ही उचलून घेतो ना’. ते नोंदवहीत जमेच्या बाजूला लिहू नये.

रॅम्प ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच नोंद पुरेशी नसते, उतार मोजावा लागतो. मान्य प्रमाण 1:12 आहे, म्हणजे पंधरा सेंटीमीटर चढण्यासाठी 1.8 मीटर लांबी हवी. तीन पायऱ्यांची उंची पंचेचाळीस सेंटीमीटर भरली, तर हीच लांबी 5.4 मीटर होते. एटीएमसमोर दोन-अडीच फुटांत सिमेंट ओतून केलेली घसरगुंडी या हिशेबात कुठेच बसत नाही. मोबाइलमधील लेव्हल (उतार मोजणारी सोय) अंशांत आकडा दाखवते आणि 1:12 म्हणजे पावणेपाच अंशांच्या आसपास. फोन थेट फरशीवर ठेवल्यास एखाद्या उचललेल्या फरशीमुळे आकडा फसतो. त्याखाली दोन फुटांची सरळ पट्टी ठेवावी. कुबडी किंवा वॉकर वापरणाऱ्यांना लांबलचक रॅम्पपेक्षा कठड्याच्या बुटक्या पायऱ्या पुष्कळदा सोयीच्या पडतात, म्हणून कठड्याची नोंद स्वतंत्र रकान्यात असावी.

पदपथावर दुचाकी चढू नये म्हणून रोवलेले खांब खुर्चीलाही अडवतात. दोन खांबांमधील मोकळी जागा टेपने मोजावी. नव्वद सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर तो टप्पा बंद धरावा. तीच फेरी सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा मोजावी, कारण सकाळचा मोकळा पदपथ संध्याकाळी गाड्या व हातगाड्यांनी भरतो. सुगम्य स्वच्छतागृहाला कुलूप असेल किंवा आत झाडू-बादल्या असतील, तर ते नाही असेच समजावे.

रस्त्यावर किती दिव्यांग दिसतात, हा निकष कृपया वगळावा. जे बाहेर पडूच शकत नाहीत, ते मोजणीत येणार कुठून? त्याऐवजी, चालताना किंवा जिना चढताना किती त्रास होतो, हे घरोघरी विचारावे; वाढत्या वयामुळे घरात अडकलेले आणि स्वतःला दिव्यांग न म्हणणारे लोकही त्यात येतील. पाहणीचे नेतृत्व अर्थातच चाकाची खुर्ची, कुबडी वा वॉकर वापरणाऱ्यांकडे असावे.

कायद्याचा आधारही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम 2016 चा आहे, आणि त्याखालील 2017 च्या नियमांतील सुगम्यतेचा नियम 15 केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने मूळ कायद्याशी विसंगत ठरतो, असा निर्णय देऊन सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्र सरकारला बंधनकारक नियम करण्यास सांगितले. त्यामुळे अहवालात किमान गरजा आणि इष्ट सुधारणा वेगवेगळ्या मांडाव्यात.

क्षेत्रीय कार्यालयाला मात्र गुणपत्रक देण्याऐवजी अडथळ्यांची यादी द्यावी आणि प्रत्येकापुढे त्याच्यामुळे किती फेऱ्या अडतात तो आकडा लिहावा. चौकातील एकच उंच कडा दवाखाना, बस थांबा आणि रेशन दुकान या तिन्ही वाटा तोडत असते, आणि ती उतरती करणे कनिष्ठ अभियंत्याला पदपथाच्या नेहमीच्या दुरुस्तीतच बसवता येते.