शुक्रवार ते रविवार, रेड सॉक्स विरुद्ध यँकीज: २७ इनिंग्जचा एकच सामना

प्रश्न असा आहे: ‘नोकरीसाठी नुकतीच बॉस्टनला आले आहे. ऑफिसातल्या मंडळींनी फेनवे पार्कवरच्या रेड सॉक्स–यँकीज मालिकेची शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तिन्ही दिवसांची तिकिटं काढली आहेत. क्रिकेट लहानपणापासून बघते, बेसबॉलचे नियम जेमतेम कळतात. या तीन दिवसांचा पुरेपूर आनंद कसा घ्यायचा?’

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. तुम्ही तीन मॅच बघायला निघालेला नाहीत, २७ इनिंग्जची एक मॅच बघायला निघाला आहात. कसोटीत पहिल्या दिवशी जलदगती गोलंदाजाला जास्त षटकं टाकावी लागली की त्याची किंमत तिसऱ्या दिवशी चुकवावी लागते. इथेही तसंच आहे. शुक्रवारी रात्री कुणी किती चेंडू टाकले, यावर रविवारी आठव्या इनिंगमध्ये टेकडीवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, कोण उभा राहणार हे ठरतं. हे धरून बघितलंत तर ०-० अशी रेंगाळलेली इनिंगही कंटाळवाणी वाटणार नाही.

संघात २६ खेळाडू, त्यांत पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जास्तीत जास्त १३. नेहमीची वाटणी म्हणजे मॅच सुरू करणारे पाच स्टार्टर आणि त्यांच्यामागून येणारे आठ रिलीव्हर. स्टार्टरने एकदा टाकलं की तो चार-पाच दिवस पुन्हा येत नाही, त्यामुळे तीन दिवस तीन वेगळे स्टार्टर दिसतात. त्यांची नावं मेजर लीग बेसबॉलच्या (एमएलबी) ॲपवर ‘प्रॉबेबल पिचर्स’मध्ये आधीच मिळतात. स्टार्टर साधारण ९०-१०० चेंडू टाकतो, म्हणजे पाच-सहा इनिंग्ज. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की ते त्याचा चेंडू ओळखू लागतात, म्हणून मॅनेजर त्याच्या आतच त्याला बाहेर काढायला बघतो. मग बुलपेनचं, म्हणजे रिलीव्हर जिथे हात मोकळा करतात त्या जागेचं, दार उघडतं आणि मालिकेचा खरा हिशेब सुरू होतो.

आठ रिलीव्हर ऐकायला पुष्कळ वाटतात, पण एका धावेची आघाडी टिकवायला मॅनेजरचा भरवसा असतो तो तीन-चार जणांवरच. एका इनिंगला १५ ते २० चेंडू लागतात. तेवढे टाकलेला रिलीव्हर दुसऱ्या दिवशी बहुधा पुन्हा येऊ शकतो. २५-३० टाकावे लागले तर दुसऱ्या दिवशी त्याला बसवतात, आणि सलग तिसऱ्या दिवशी कुणालाही आणणं सहसा टाळतात. शुक्रवारी स्टार्टर तिसऱ्याच इनिंगमध्ये कोलमडला तर पुढच्या सहा इनिंग्ज बुलपेनला ओढाव्या लागतात. अशी मॅच जिंकली तरी शनिवार-रविवार उधारीवर काढावा लागतो. शिवाय आत आलेल्या रिलीव्हरने किमान तीन बॅटरना टाकायचं किंवा इनिंग संपवायची, असा २०२० पासूनचा नियम आहे. त्यामुळे चुकीचा माणूस आला तर तो लगेच बदलताही येत नाही.

एखादा संघ मोठ्या फरकाने हरत असताना एखादा नेहमीचा बॅटर येऊन संथ चेंडू टाकू लागला तर नवख्या प्रेक्षकाला ती थट्टा वाटते. तो उद्याचा विचार असतो. आठ किंवा त्याहून जास्त धावांनी मागे असलेल्या संघाला अशी मुभा आहे, आणि हातातून गेलेल्या मॅचवर चांगला रिलीव्हर खर्ची घालण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे. शनिवारी सकाळी संघाच्या बातम्याही बघा. थकलेल्या रिलीव्हरला खालच्या लीगमध्ये पाठवून तिथून ताज्या दमाचा पिचर आणला जातो. रेड सॉक्सचा ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरचा, संघ वूस्टरला, तासाभराच्या अंतरावर असतो, त्यामुळे त्यांना हे सोपं जातं. पण खाली गेलेल्या पिचरला, कुणी जखमी झाल्याशिवाय, १५ दिवस परत आणता येत नाही. म्हणजे ही सोयही फुकट नाही.

म्हणून माझा आग्रह: एक साधी वही जवळ ठेवा. डाव्या बाजूला दोन्ही संघांच्या रिलीव्हरांची नावं आणि पुढे तीन रकाने, शुक्र, शनि, रवि. प्रत्येकाने टाकलेले चेंडू ॲपमधल्या गेमडे पानावरून उतरवा. शनिवारी रात्री या तक्त्यावर नजर टाकलीत की रविवारी कुठला संघ अडचणीत येणार, हे शेजारच्या बऱ्याच जणांआधी तुम्हाला कळेल. जमल्यास स्कोअरही लिहा. क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात: १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा बेस, ५ तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७ डावं, ८ मधलं, ९ उजवं आउटफील्ड. शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्या बेसवर फेकून दोघांना बाद केलं की ‘६-४-३’. बॅटर तीन स्ट्राइक होऊन बाद झाला, म्हणजे स्ट्राइकआउट, की ‘के’ हे अक्षर लिहितात, आणि बॅटरने बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक नुसता बघितला तर ते उलटं काढतात. पेन्सिल वापरा, खाडाखोड होतेच.

शनिवार रात्री आणि रविवार दुपार हा जोड खास लक्ष ठेवून बघण्यासारखा. रात्री नऊ इनिंग्ज उकिडवा बसलेला कॅचर दुसऱ्या दिवशी दुपारी बहुधा विश्रांती घेतो आणि राखीव कॅचर येतो. त्याचा हात कमजोर असेल तर धावपटू बेस चोरायला, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे पळायला, धजावतात. टीव्हीवाले या मालिकेतली रविवारची मॅच बऱ्याचदा संध्याकाळी सातच्या सुमाराला हलवतात, आणि मग नेहमीचा कॅचर खेळू शकतो. म्हणून तिकिटावरच्या वेळेवर विसंबू नका, आदल्या दिवशी ॲपवर खात्री करा. भारतातून कुणी तुमच्याबरोबर बघणार असेल तर उन्हाळ्यात बॉस्टनच्या वेळेत साडेनऊ तास मिळवायला सांगा. संध्याकाळी ७.१० ची मॅच तिकडे पहाटे ४.४० ला सुरू होते.

२०२६ पासून कॅचरचं आणखी एक काम वाढलं आहे. चेंडू ठरलेल्या पट्ट्यातून गेला (स्ट्राइक) की बाहेरून (बॉल), या अंपायरच्या निर्णयावर आता दाद मागता येते. प्रत्येक संघाला दोन संधी, आणि मागायची ती फक्त पिचरने, कॅचरने किंवा बॅटरने, लगेच, डोक्यावर हाताने थोपटून. दाद बरोबर निघाली तर संधी शिल्लक राहते. डीआरएस बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या तीन इनिंग्जमध्ये दोन्ही संधी घालवणारा संघ नवव्या इनिंगमध्ये हात चोळत बसतो.

आता मैदान. फेनवे २० एप्रिल १९१२ ला सुरू झालं, आणि ते मेजर लीगमधलं सर्वांत जुनं मैदान आहे. डावीकडची हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर, ३७ फुटांहून थोडी उंच, आणि फाउल रेषेवर होम प्लेटपासून अवघ्या ३१० फुटांवर. या भिंतीमुळे दोन उलट गोष्टी घडतात. उंच उडालेला, दुसऱ्या मैदानावर सहज झेल ठरेल असा चेंडू इथे भिंतीला लागून डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, होतो किंवा वरून जाऊन होमरन होतो. उलट सरळ, जोरात मारलेला चेंडू, जो दुसरीकडे कुंपणापार गेला असता, तो इथे भिंतीवर आदळून इतक्या झटक्यात परत येतो की बॅटरला कधी कधी एकाच बेसवर थांबावं लागतं. म्हणून चेंडू डावीकडे उडाला की त्याच्यामागे डोळे नेऊ नका, डाव्या आउटफील्डरकडे बघा. तो तोंड भिंतीकडे करून थांबला तर चेंडू भिंतीवर येणार आणि तो उसळी पकडायच्या तयारीत आहे. घरच्या खेळाडूला या उसळीची सवय असते, पाहुण्याची तारांबळ उडते. उजवीकडे फाउल रेषेवरचा खांब, पेस्कीज पोल, फक्त ३०२ फुटांवर आहे, पण कुंपण तिथून झपाट्याने मागे वळतं. मधल्या बाजूचा ‘ट्रँगल’ कोपरा ४२० फुटांवर. तिथे पडलेला चेंडू म्हणजे तीन बेस.

बसण्याच्या जागा मात्र सगळ्या सारख्या नाहीत. ग्रँडस्टँडमध्ये छताचे लोखंडी खांब आहेत. तिकिटावर ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ लिहिलं असेल तर पिचर किंवा बॅटर यांच्यापैकी एक खांबामागे जाऊ शकतो, ते तिकीट टाळा. उजव्या कोपऱ्यातल्या जुन्या खुर्च्यांची तोंडं होम प्लेटकडे नसून मैदानाच्या मधोमध आहेत, तीन तासांत मान आखडते. ब्लीचर्समध्ये सावली नाही, दुपारच्या मॅचला टोपी हवीच. पण दोन्ही बुलपेन उजव्या आउटफील्डच्या कुंपणालगत शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे कोण हात मोकळा करतोय हे तिथून स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. तुमच्या वहीसाठी याहून चांगली जागा नाही. तिथेच सेक्शन ४२ मध्ये एक एकटी लाल खुर्ची आहे. ९ जून १९४६ ला रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने मारलेला, ५०२ फूट मोजला गेलेला होमरन तिथे पडला होता. बेसच्या बाजूला, जाळी संपते त्यापुढे बसलात तर चेंडू खेळात असताना फोन खाली ठेवा. फाउल चेंडू विचार करायला वेळ देत नाही. स्टँडमध्ये आलेला चेंडू तुमचा, पण कठड्यावरून हात मैदानात घालून खेळातला चेंडू पकडायचा नाही. तसं केलंत तर अंपायर निर्णय देऊन मोकळा होतो आणि तुम्हाला बाहेर जावं लागतं.

हे वैर एवढं कडवट का, हे थोडक्यात. १९१९ च्या डिसेंबरात रेड सॉक्सनी बेब रूथला १,००,००० डॉलरला यँकीजना विकलं. १९१८ नंतर रेड सॉक्सना पुढचं विजेतेपद मिळायला २००४ उजाडलं, आणि त्या ८६ वर्षांत यँकीजनी २६ विजेतेपदं घेतली. १९७८ मध्ये गटातली अव्वल जागा ठरवणाऱ्या एका जादा मॅचमध्ये, याच मैदानावर, होमरनसाठी मुळीच प्रसिद्ध नसलेल्या बकी डेंटने सातव्या इनिंगमध्ये भिंतीवरून तीन धावांचा होमरन मारला आणि यँकीज ५-४ ने जिंकले. बॉस्टनमध्ये त्याचं नाव अजूनही शिवी जोडूनच घेतात. २००३ मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत, सातव्या मॅचच्या अकराव्या इनिंगमध्ये यँकीजच्या ॲरन बूनने तोच घाव घातला.

आणि मग २००४. पुन्हा तीच अंतिम मालिका, रेड सॉक्स ०-३ ने मागे, चौथी मॅच फेनवेवर, नववी इनिंग, एका धावेने मागे, समोर यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलार चार बॉलवर पहिल्या बेसवर गेला आणि त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं की हा दुसरा बेस चोरणार. रिव्हेराने त्याला धरून ठेवायला तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकला, तरी रॉबर्ट्सने बेस चोरला, बिल म्युलरच्या हिटवर तो घरी आला, आणि बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होमरनने मॅच संपवली. त्या संघाने पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या. आता २०२३ च्या नियमाप्रमाणे पिचरला एका बॅटरसमोर दोनदाच बेसवर फेकता येतं. तिसऱ्यांदा फेकून धावपटू बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस बहाल होतो. म्हणून तुमच्यासमोर पिचरने दोनदा फेकलं की लगेच धावपटूचे पाय बघा. त्याची पावलं बेसपासून आणखी पुढे सरकलेली दिसतील.

गर्दीत वागण्याचं फार अवघड नाही. यँकीजला शिव्या देणारी एक घोषणा सतत चालते, यँकीज शहरात नसतानासुद्धा. लहान मुलं बरोबर असतील तर आधीच कल्पना द्या. यँकीजची टोपी घालून आलेल्याला टोमणे बसतात, ते बहुतेक वेळा टोमण्यांवरच थांबतात. कुणी फारच चढला तर वाद घालू नका, सेक्शनच्या कर्मचाऱ्याला सांगा. समोरच्या बॅटरचे दोन स्ट्राइक आणि दोन आउट झाले की लोक उभे राहतात, तुम्हीही राहा. बॅटर खेळत असताना पायऱ्यांवरून ये-जा करू नका, इनिंगचा अर्धा भाग संपेपर्यंत थांबा. खाण्यात शाकाहारी माणसाची थोडी अडचण होते, पण भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा सर्वत्र मिळतात, आणि टरफलं खाली टाकली तर कुणी काही म्हणत नाही. एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबरात रात्री चांगलीच थंडी असू शकते, जाड जॅकेट न्या.

पावसाने एखादी मॅच पुढे ढकलली तर दुसऱ्या दिवशी दोन मॅच लागू शकतात. दिवसाला १८ इनिंग्ज म्हणजे दोन्ही बुलपेनचा चुराडा, त्यामुळे संघाला एक जादा खेळाडू घ्यायला परवानगी असते. त्या दिवशी तुमच्या वहीत एक रकाना वाढवा.

जाताना ग्रीन लाइनच्या बी, सी किंवा डी गाडीने केनमोरला उतरा. ई गाडी तिथे जात नाही. ‘फेनवे’ नावाचं स्टेशन डी फाट्यावर आहे खरं, पण नावावर जाऊ नका, केनमोरच जवळ पडतं. गेट मॅचच्या साधारण दीड तास आधी उघडतं. पहिल्या दिवशी तेव्हाच आत जा आणि भिंतीजवळ जाऊन डोकं वर करून बघा, टीव्हीवर तिची उंची कळत नाही. मॅच संपल्यावर केनमोरला पाय ठेवायला जागा नसते. दहा-पंधरा मिनिटं चालत हाइन्स स्टेशनला गेलात तर निदान फलाटावर उभं राहता येतं.