गिगाहर्ट्झ कमी, तरी लॅपटॉप वेगवान कसा?

प्रश्न : बाबांनी २००४ साली घरी पेंटियम ४ चा पीसी घेतला होता, ३ गिगाहर्ट्झचा. गेल्या महिन्यात मी कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून आय५-१२३५यू प्रोसेसरचा लॅपटॉप आणला, त्याच्या माहितीत १.३ गिगाहर्ट्झ दिसतंय. बाबा सातपूरला कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते, आकड्याशिवाय त्यांना काही पटत नाही. ते म्हणतात, दुकानदाराने निम्म्याहून कमी वेगाचं मशीन तुझ्या गळ्यात मारलं. खरं काय? आणि जुना पीसी भंगारात काढावा का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दुकानदाराने फसवलेलं नाही. पण बाबांनाही उडवून लावू नका. त्यांनी पीसी घेतला तोवर सगळं जग असाच हिशेब करत होतं. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात तो आकडा; एक गिगाहर्ट्झ म्हणजे हजार मेगाहर्ट्झ.

१९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, त्यातला इंटेल ८०८८ हा ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. मग इंटेलचेच २८६, ३८६, ४८६ करत १९९३ मध्ये पेंटियम आला, ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा. मार्च २००० मध्ये इंटेलची स्पर्धक एएमडीच्या ॲथलॉनने १ गिगाहर्ट्झ गाठला आणि दोनच दिवसांत इंटेलनेही. एकोणीस वर्षांत आकडा दोनशे पटींनी वाढला, आणि दर वेळी नवं मशीन खरोखरच जोरात पळायचं. अर्थात तेव्हाही सगळं श्रेय त्या आकड्याचं नव्हतं. ४८६ मध्ये ८ केबी कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी पण झटपट मेमरी, चिपच्या आतच आली, आतल्या कामाची रचनाही सुधारली, त्यामुळे तेवढ्याच मेगाहर्ट्झवर तो ३८६ च्या जवळजवळ दुप्पट काम उरकायचा. पण हे जाहिरातीत कोण सांगणार?

पेंटियम ४ मात्र त्या आकड्यासाठीच घडवला होता. बाबांना त्यांच्या लाइनच्या भाषेत सांगा. एकेका स्टेशनवरचं काम जितकं बारीक कराल, तितकी लाइन झपाझप सरकते. प्रोसेसरमध्येही एकेका सूचनेचं काम असंच टप्प्याटप्प्याने होतं. पेंटियम ३ मध्ये साधारण दहा टप्पे होते, पेंटियम ४ मध्ये वीस झाले आणि २००४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीत ३१. पण प्रोसेसर पुढच्या सूचनांचा अंदाज बांधून काम सुरू करतो. अंदाज चुकला की लाइनवरचा अर्धवट माल फेकून पुन्हा पहिल्यापासून. लाइन जितकी लांब, तितकं नुकसान जास्त. म्हणजे गिगाहर्ट्झ दिसायचे भरपूर, पण दर ठोक्याला हातात पडणारं काम कमी.

दुसरी अडचण उष्णतेची. पूर्वी ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच, लहान झाला की व्होल्टेजही उतरवता यायचं, त्यामुळे वेग वाढवूनही चिप फार तापत नसे. २००४ च्या आसपास ते थांबलं. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून करंट झिरपू लागला आणि व्होल्टेज आणखी खाली नेता येईना. ३ गिगाहर्ट्झच्या प्रेस्कॉटला ८९ वॅट उष्णता बाहेर टाकावी लागायची. आपल्याकडच्या मे महिन्यात हे पीसी दुरुस्तीच्या दुकानात रांगेने यायचे. कॅबिनेट उघडलं की पंख्याखाली, हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्दच केला. माझ्या मते पीसीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच, पहिल्या गिगाहर्ट्झहूनही मोठं.

पुढची वाट इस्राएलमधल्या हैफाच्या इंटेल टीमने २००३ मध्येच लॅपटॉपसाठी काढून ठेवली होती, पेंटियम एम. ठोके कमी, पण दर ठोक्याला काम जास्त. त्याच विचारातून २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला आणि एका चिपवर दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे दोन प्रोसेसर, घरोघरी पोहोचले.

तुमच्या आय५ मध्ये १० कोअर आहेत, दोन दमदार आणि आठ काटकसरी. १.३ हा दमदार कोअरचा पायाभूत वेग (बेस), १५ वॅटच्या हिशेबातला. गरज पडली की तेच कोअर ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. कॅश १२ एमबी. बाबांच्या पेंटियम ४ मध्ये ती अर्धा किंवा एक एमबी असेल.

बाबांना आकडेच हवेत ना? दोन्ही मशीनवर ७-झिप हे फाइली आवळून लहान करणारं सॉफ्टवेअर टाका आणि त्यातला बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, एकाच थ्रेडवर (एका वेळी एकाच कोअरला काम देऊन) चालवून दाखवा. म्हणजे ‘दहा जण मिळून जिंकले’ असं म्हणायलाही जागा उरणार नाही.

जुना पीसी भंगारवाल्याला देऊ नका. आधी हार्डडिस्क काढून यूएसबी कन्व्हर्टरने फोटो, हिशेब उतरवून घ्या, मग ई-कचरा संकलनात द्या. रोजच्या इंटरनेटसाठी तो वापरू नका, त्याच्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट केव्हाच बंद झालेत. बाबांना आठवण म्हणून चालू ठेवायचा असेल तर साफसफाई करताना प्रोसेसरवरचा कूलर (पंखा आणि हीटसिंक) सरळ वर ओढू नका. दोघांमध्ये लावलेल्या, उष्णता पुढे नेणाऱ्या थर्मल पेस्टच्या वाळण्यामुळे, सॉकेटचा लिव्हर बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊबदार करा, बंद करून प्लग काढा, क्लिपा सोडवा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा आणि सुटल्याचं जाणवलं की मगच उचला.