उभ्या ट्रेलरवर आदळला, तर चूक कुणाची?

प्रश्न : वकीलताई, माझा धाकटा भाऊ, वय 34, प्लंबिंगची कामं करतो. अडीच महिन्यांपूर्वी रात्री कामावरून साताऱ्याकडे जाताना उंब्रजच्या पुढे हायवेवर उभ्या असलेल्या ट्रेलरवर त्याची मोटरसायकल मागून आदळली. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ट्रेलरचा एकही दिवा चालू नव्हता. पोलिस म्हणतात, उभ्या गाडीवर तुमचाच माणूस आदळला, मग गुन्हा कुणावर दाखल करायचा? ट्रेलरमालकाचा माणूस दवाखान्यात दोनदा येऊन गेला. दोन लाख देतो म्हणतो, पण स्टॅम्पपेपरवर सही हवी. घरात भाऊ एकटाच कमावता. सही करू का?
– एक बहीण, कराड तालुका

उत्तर : ताई, सही करू नका. त्या कागदावर काय असतं ते मला न वाचता ठाऊक आहे : 'अपघात माझ्याच चुकीने झाला, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.' मी बरीच वर्षं विमा कंपन्यांच्या बाजूने असले दावे लढवले आहेत. असा कागद हाती आला की आमचं निम्मं काम तिथेच व्हायचं.

'उभ्या गाडीची चूक नसते' हे पोलिसांनी कुठून काढलं कोण जाणे. मोटार वाहन कायद्याचं कलम 122 सांगतं की इतरांना धोका होईल अशा जागी गाडी सोडायची नाही. मागे लाल परावर्तक पट्टी हवी, गाडी बंद पडली तर मागे चमकणारा त्रिकोण ठेवायला हवा. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी चार दगड आणि झाडाची फांदी ठेवतात. गाडी निघून जाते, दगड रस्त्यातच राहतात, आणि पुढचा अपघात त्या दगडांवर होतो.

म्हणून पहिल्यांदा घटनास्थळाचा पंचनामा मागून घ्या. ट्रेलर कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत होता की बाहेर, मागची पट्टी चिखलाने झाकली होती का, पार्किंगचे दिवे चालू होते का, एवढं त्यात शोधा. लिहिलेलं नसेल तर त्या रात्री मदतीला आलेल्यांच्या मोबाइलमधले फोटो मिळवा. गुन्हा नोंदवत नसतील तर पोलिस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पण भरपाईचा दावा त्यासाठी अडवून ठेवू नका, तो वेगळा चालतो. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर राहायचं कारण नाही. दावा भाऊ राहतो तिथल्या मोटार अपघात दावा प्राधिकरणातही करता येतो, ट्रेलरमालकाच्या गावी खेटे घालायला नकोत.

आता दवाखान्याचे कागद. विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी केसपेपरचं पहिलं पान उघडतो. दाखल करताना ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी घाईत 'गाडीवरून पडला' एवढंच लिहिलं असेल, तर ट्रेलर नंतर घुसडलाय असं म्हणायला वाव मिळतो. 'दारूचा वास' अशी नोंद आहे का तेही बघा. भावाचं लायसन्स चालू होतं का, हेल्मेट होतं का, हे प्रश्न येणारच. उत्तर काहीही असो, तुमच्या वकिलाला आधी खरं सांगा.

ट्रेलरवाल्याकडचे कागद सगळ्यात लवकर गायब होतात. लायसन्स, परमिट, पासिंग आणि विमा पोलिस घेतात. त्यापलीकडे बिल्टी (माल पाठवल्याची पावती), ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) आणि फास्टॅगच्या नोंदी आहेत. त्या प्राधिकरणामार्फत मागवायचा अर्ज दाव्याबरोबरच टाकायला सांगा. कोल्हापूरकडून येणारा ट्रेलर तासवडेचा टोल ओलांडून उंब्रजला येतो. तासवड्याला त्याची नोंद संध्याकाळी सातची असेल आणि अपघात साडेअकराचा, तर 'आत्ताच टायर बसला होता' हा ट्रेलरवाल्याचा बचाव तिथेच संपला. बहुतेक वेळा चालक झोपलेला असतो. कायद्याने त्याचं काम दिवसाला आठ तासांचं, पण मालाला घाई असते आणि थांबायला धड जागा नसते. मला त्या चालकाचा राग येत नाही. भाड्याची वेळ ठरवणाऱ्याचा येतो.

रकमेचं बोलू. भावाची कमाई महिना 20,000 धरली तर वर्षाची 2,40,000. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी 40 टक्के मिळवतात, म्हणजे 3,36,000. या वार्षिक रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; वय 34 ला गुणक 16. आता अपंगत्व. दाखल्यावर जे टक्के येतील तेच कमाईचं नुकसान असं नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार निकालात हे स्पष्ट केलेलं आहे. हात गेला तर कारकून काम करू शकतो, सुताराचं तसं नाही. शिडी चढणं आणि उकिडवं बसणं हेच ज्याचं काम, त्या प्लंबरचा पाय गेला तर नुकसान किती, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी साक्षीत सांगायला हवं. समजा प्राधिकरणाने 60 टक्के धरले, तर नुसत्या कमाईच्या नुकसानीचे 32,25,600 होतात. दवाखान्याचा खर्च, कृत्रिम पाय आणि तो पुढे बदलण्याचा खर्च, वेदना, हे वेगळं. भावाचीही चूक होती असं ठरलं तर त्या प्रमाणात कपात होईल. उभ्या गाडीवर मागून आदळल्याच्या दाव्यात हा मुद्दा हमखास निघतो, म्हणून वर पंचनाम्यावर एवढा जोर दिला. पण अर्धी कपात झाली तरी दोन लाखांशी तुलना करून बघा.

रिटर्न भरत नसेल तर घाबरू नका. पासबुक, फोनवर आलेले पैसे, हार्डवेअरच्या दुकानातलं खातं, दोन-चार गिऱ्हाइकांची साक्ष, एवढ्यावर उत्पन्न दाखवता येतं. ट्रेलरच्या चालकाकडे धड लायसन्स नसलं तरी विमा कंपनीने आधी तुम्हाला द्यायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं, असे आदेश होतात.

प्रश्न : वडील सायकलवरून दूध घालायला जाताना वाळूच्या डंपरने उडवलं. जागीच गेले. नंबर कुणी पाहिला नाही. आता काहीच मिळणार नाही का?
– एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : मिळेल. वाहन सापडलं नाही तर 'हिट अँड रन' योजनेत मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 रुपये आहेत. 2022 च्या एप्रिलआधी हेच आकडे 25,000 आणि 12,500 होते. गुन्ह्याची प्रत, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांची कागदपत्रं घेऊन तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करा. वाळूची वाहतूक कुणाची चालते ते गावाला माहीत असतं, तेव्हा पेट्रोल पंपांचे कॅमेरे तपासायला पोलिसांना लेखी सांगा; फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं. डंपर सापडला तर पूर्ण भरपाईचा दावा होतो.

प्रश्न : माझ्या दोन दहाचाकी गाड्या आहेत. तुमच्या सदरात नेहमी ट्रकवाल्यालाच दोषी धरलेलं असतं. घाटात ब्रेक फेल झाले तर त्यात मालकाची काय चूक?
– एक वाहतूकदार, कळंबोली

उत्तर : दादा, 'ब्रेक फेल' म्हणून सुटका होत नाही. गाडीची वेळच्या वेळी निगा राखली होती आणि दोष कळण्यासारखा नव्हता, हे मालकालाच सिद्ध करावं लागतं. ब्रेकचे लायनर (घासून झिजणारे पट्टे) कधी बदलले त्याचं बिल आहे का तुमच्याकडे?

आणि पुष्कळदा ब्रेक आपोआप फेल होत नाहीत, केले जातात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. तिथे चालक गाडी न्यूट्रल करतात, काही जण इंजिनच बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिन बंद असलं तर कॉम्प्रेसर हवा भरत नाही, चार वेळा ब्रेक मारला की हवा संपली. नोव्हेंबर 2022 मध्ये या उतारावर एकाच ट्रकने जवळपास पन्नास वाहनं ठोकली.

चालक असं का करतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फेरीला डिझेल मोजून दिलं जातं, अ‍ॅव्हरेज कमी आलं की पगारातून कापलं जातं. तुमच्याकडे ही पद्धत असेल तर आधी ती बंद करा. ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायला चालकाला सांगा, आणि त्यात जास्त गेलेलं डिझेल तुमच्या खर्चात धरा. दोन्ही गाड्यांच्या पासिंगची आणि विम्याची तारीखही आजच बघून घ्या. अपघाताच्या दिवशी विमा संपलेला निघाला तर वरच्या हिशेबातले लाख तुमच्या खिशातून जातील.