बास्केटबॉलमध्ये डिफेन्सचं महत्त्व वाढलंय म्हणतात, मग स्कोअर 120च्या घरात कसे जातात? आणि डिफेन्स समजून घ्यायला कोणता सामना बघू?

नुसते पॉइंट मोजून डिफेन्स कळत नाही, हे आधी सांगतो. चेंडू किती वेळा हातात आला आणि त्यातून किती पॉइंट निघाले, ते बघावं लागतं.

2003-04 मध्ये एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या, संघाला एका सामन्यात साधारण 90 वेळा चेंडूचा ताबा मिळायचा, हल्ली सुमारे 99 वेळा मिळतो. पळापळ वाढली, स्कोअर वाढले. शिवाय तेव्हा एक संघ सामन्यात तीन पॉइंटच्या शॉटचे 15 च्या आसपास प्रयत्न करायचा. 2024-25 मध्ये हा आकडा 37 च्या वर गेला. म्हणजे आक्रमणही खरोखरच सुधारलंय, ते नाकारण्यात अर्थ नाही.

त्यात नियमही आक्रमणाच्या बाजूने गेले. 2004 साली डेट्रॉइट पिस्टन्सने लागोपाठ पाच संघांना 70 च्या आत रोखलं होतं. अंतिम फेरीत शकील ओनील आणि कोबी ब्रायंट असलेल्या लेकर्सना तिसऱ्या सामन्यात फक्त 68 करू दिले आणि 4-1 ने विजेतेपद घेतलं. लगेच पुढच्या मोसमापासून ड्रिबल करणाऱ्याला हाताने अडवून धरण्यावर पंच कडक झाले. आता हात लावता येत नाही, म्हणून पाय चालवावे लागतात.

आजच्या डिफेन्डरचं काम त्यामुळेच जास्त अवघड आहे, असं मला मनापासून वाटतं. बास्केटकडे घुसणाऱ्याला अडवायला मदतीला जायचं आणि चेंडू कोपऱ्यातल्या शूटरकडे गेला की हात उंच करून तिकडे परत धावायचं. हे 24 सेकंदांत तीनतीनदा, कारण एनबीएत एका ताब्यात शॉट घ्यायला तेवढाच वेळ मिळतो. पाचांतला एक जरी अर्धं पाऊल उशिरा पोचला तरी तीन पॉइंट गेले. ओक्लाहोमा सिटी थंडर 2025 मध्ये जिंकले ते याच बळावर. 100 ताब्यांमागे लीगची सरासरी 114 च्या आसपास होती, यांच्यासमोर प्रतिस्पर्ध्यांना 107 च्या आसपासच मिळाले. स्कोअरबोर्डवर ते नेहमीच्या सामन्यांसारखेच दिसायचे, पण हा सात पॉइंटचा फरक फार मोठा आहे.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं गणित निराळं. तिथे शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायची मुदत, 30 सेकंदांची आहे, आणि उंच डिफेन्डरला बास्केटखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहू न देणारा एनबीएतला नियम तिथे नाही. त्यामुळे प्रशिक्षकाला आपली रचना बसवायला वाव मिळतो. व्हर्जिनिया विद्यापीठाचे 2024 पर्यंतचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी वडिलांकडून, म्हणजे डिक बेनेट यांच्याकडून घेतलेली ‘पॅक लाइन’ मला सगळ्यात आवडते. चेंडू असलेल्यावर एकाने दबाव ठेवायचा, बाकीच्या चौघांनी बास्केटपासून साधारण 16 फुटांवरच्या काल्पनिक रेषेच्या आत राहायचं. घुसायला फटच उरत नाही.

2018 मध्ये व्हर्जिनियाचा संघ सामन्याला सरासरी 54 च्या आसपास पॉइंट देत होता. एनसीएए या कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना अव्वल मानांकन होतं. पहिल्याच सामन्यात गाठ पडली सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाच्या संघाशी. मध्यंतराला 21-21. आणि मग एकट्या दुसऱ्या अर्धात यूएमबीसीने 53 केले! 74-54. पुरुषांच्या स्पर्धेत पहिलं मानांकन सोळाव्याकडून हरण्याची ती पहिलीच वेळ. व्हर्जिनियाचा एक महत्त्वाचा डिफेन्डर, डिआंड्रे हंटर, मनगट मोडल्यामुळे बाहेर होता. एक माणूस गेला आणि अख्खी साखळी सैल पडली.

बेनेटनी पद्धत सोडली नाही. 2019 ची अंतिम लढत टेक्सास टेकशी झाली, तोही डिफेन्ससाठीच ओळखला जाणारा संघ. 12 सेकंद उरले असताना हंटरने कोपऱ्यातून तीनचा शॉट मारून 68-68 बरोबरी केली आणि जादा वेळेत व्हर्जिनिया 85-77 ने जिंकलं. हंटरचे 27 पॉइंट सगळ्यांच्या लक्षात आहेत. टेक्सास टेकचा मुख्य खेळाडू जॅरेट कल्वर याचे मात्र 22 पैकी 5 शॉट पडले, आणि त्यात हंटरचा वाटा किती मोठा होता हे क्वचितच कोणी सांगतं.

तुम्ही हाच सामना बघा, दोनदा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा चेंडूवरची नजर मुद्दाम काढून घ्या आणि फक्त हंटरचे पाय बघा: तो कुठे उभा आहे, कल्वरकडे चेंडू यायच्या आधीच कसा सरकतो, मदतीला किती पावलं जातो आणि परत कधी वळतो. पहिली पाच मिनिटं जड जातील, कारण डोळे सारखे चेंडूकडे धावतात. दुसऱ्या अर्धापर्यंत कल्वरचा शॉट हातातून सुटायच्या आधीच तो जाणार की नाही, याचा अंदाज यायला लागेल.