रूट कॅनाल केल्यावर दात किती उरतो, हे कुणी मोजलंय का?

तुमच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल करायला सांगितलंय आणि आई म्हणतात, नस काढली की दात वाळक्या लाकडासारखा ठिसूळ होतो. खरंच किती कमजोर होतो हे कुणी मोजलंय का, असं तुम्ही विचारलंय.

हो, मोजलंय. मी इंदूरला रामबागेजवळ दातांचा दवाखाना चालवतो आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो.

1989 साली री, मेसर आणि डग्लस या तिघांनी काढलेल्या वरच्या उपदाढांवर ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवून दर टप्प्यानंतर दाताचा ताठपणा किती घटला ते पाहिलं. नुसत्या रूट कॅनालनं साधारण 5 टक्के घट झाली. चावायच्या पृष्ठभागावर खड्डा केल्यानं 20 टक्के. आणि शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन्ही बाजू कापल्या गेल्या, तेव्हा 63 टक्के! म्हणजे दाढ खरी पोखरते ती कीड, आणि त्या किडीसाठी करावा लागलेला मोठा खड्डा. आईंच्या शंकेचं उत्तरही 1992 मध्ये मिळालं. एकाच माणसाचा रूट कॅनाल झालेला दात आणि त्याच जबड्यातला दुसऱ्या बाजूचा जिवंत जोडीदार, अशा 23 जोड्या तपासल्या. जिवंत दाताचं डेंटिन (वरच्या चकचकीत कवचाखालचा दाताचा मुख्य भाग) जेमतेम 3.5 टक्के जास्त कठीण निघालं, बाकी सांगण्यासारखा फरक नव्हता.

आता तर काढलेला दात मायक्रो-सीटीत, म्हणजे फार बारीक तपशील दाखवणाऱ्या एक्स-रे स्कॅनमध्ये, आधी आणि नंतर स्कॅन करून आतून किती घनमिलिमीटर डेंटिन खरवडलं गेलं तेही काढतात. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळाची, दोन मुळांच्या बेचक्याकडची भिंत मुळातच पातळ असते, बऱ्याचदा एक मिलिमीटरच्या आसपास. तिथे फाईल (कॅनाल, म्हणजे मुळातली नळी, खरवडायची बारीक कानस) जास्त चालवली तर भोक पडू शकतं. म्हणून कॅनाल उगाच रुंद करू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या तोंडातला दात मात्र साध्या साधनानं मोजता येतो. आमच्याकडे चिमट्यासारखं आयवानसन गेज असतं. त्याची दोन टोकं दाताच्या उरलेल्या भिंतीच्या आत-बाहेर लावली की जाडी कळते. मी कीड पूर्ण काढल्यावर ती मोजतो आणि केसपेपरवर लिहितो: गालाकडची 2.4 मिलिमीटर, जिभेकडची 1.3.

ही सवय एका मावशींमुळे लागली. रूट कॅनाल झालं, दुखणं थांबलं, घरात मुलीचं लग्न, म्हणून कॅप पुढे ढकलली. चार महिन्यांनी कागदाच्या पुडीत दाढेची अख्खी भिंत घेऊन आल्या, भाजलेले चणे खाताना निघालेली. चीर हिरडीच्या खूप खाली गेली होती, दाढ काढावी लागली. भिंत किती पातळ उरलीय ते मी त्यांना आकड्यानं सांगितलंच नव्हतं. नुसतं ‘कॅप लावून घ्या’ म्हटलेलं कोण लक्षात ठेवतं? ती चूक माझीच.

भिंत दोन मिलिमीटरच्या खाली गेली की दाढ कॅपशिवाय सोडायला माझं मन धजत नाही. आणखी एक माप विचारा: हिरडीच्या वर सगळीकडून दीड ते दोन मिलिमीटर उंच शाबूत दात उरलाय का? मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं बसवतात ना, तशी कॅप त्या पट्टीला आवळून धरते. पट्टीच नसेल तर कॅप आणि आतली पोस्ट (मुळात बसवलेली आधाराची काडी) कितीही भारी असोत, फार टिकत नाहीत. पुढच्या दातांना, खड्डा लहान असेल तर, बहुतेक वेळा कॅप लागतही नाही.

तेव्हा कीड काढून झाली की डॉक्टरांना ही दोन मापं विचारा आणि लिहून घ्या. आणि वर तात्पुरतं सिमेंट असेल तोवर त्या बाजूनं चणे किंवा सुपारी चावू नका.